निकटदृष्टितेचा दोष कोणाचा : रक्ताचा की शाळेचा?

#थ्रेड #विज्ञानाचा_इतिहास

१/ मुलाला फळ्यावरची अक्षरे दिसेनाशी होतात, तपासणीत उणे दोनचा नंबर निघतो आणि घरात ठरलेला वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, सारखे पुस्तकात डोके खुपसून बसण्याचा हा परिणाम. दुसरा म्हणतो, आईला चष्मा आहे, आजोबांनाही होता. हे रक्तातूनच आले. हाच वाद युरोपातील विद्वानांनी शतकाहून अधिक काळ घातला. आनुवंशिकतेच्या अभ्यासातील काही महत्त्वाच्या पद्धती या वादात घासूनपुसून निघाल्या, आणि त्याचा निकाल कोणालाही अपेक्षित नव्हता अशा बाजूने आला. त्या पद्धतींची ही कथा.

२/ निकटदृष्टिता म्हणजे जवळचे स्पष्ट आणि दूरचे धूसर दिसणे. बहुतेक वेळा अशा डोळ्याचा गोल पुढून मागे गरजेपेक्षा लांब वाढलेला असतो. प्रौढ माणसाच्या डोळ्याची लांबी सुमारे २४ मिलिमीटर असते. तीत एका मिलिमीटरची वाढ झाली तरी चष्म्याचा नंबर अडीच ते तीन डायॉप्टरने बदलतो. दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते. प्रतिमा दृष्टिपटलावर उमटते हे योहानेस केप्लरने १६०४ साली मांडले. केप्लर स्वतः निकटदृष्टी होता आणि जवळून काम करण्याच्या सवयीशी त्याने या दोषाचा संबंध जोडला होता.

३/ आकड्यांच्या भाषेत हा संबंध प्रथम मांडणाऱ्यांत लंडनचा नेत्रशल्यविशारद जेम्स वेअर येतो. १८१३ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा निबंध छापून आला. ऑक्सफर्डच्या एका महाविद्यालयातील १२७ जणांपैकी ३२ जण चष्मा किंवा हातात धरायचे भिंग वापरत होते. उलट राजाच्या पायदळ रक्षकदलांत सुमारे दहा हजार शिपाई असूनही निकटदृष्टितेची उदाहरणे जेमतेम अर्धा डझन होती. शिपाई आणि विद्यार्थी एकाच देशाचे, वयानेही जवळचे. फरक होता तो अक्षराशी असलेल्या नात्याचा.

४/ पुढचे मोठे पाऊल ब्रेस्लाउ शहरात पडले. हे आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ. तेथील नेत्रवैद्य हेर्मान कोन याने १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासले आणि १८६७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेड्यातील शाळांत निकटदृष्टी मुलांचे प्रमाण शंभरांत दीडही नव्हते. विद्यापीठाची वाट दाखवणाऱ्या गिम्नाझियम शाळांत मात्र ते चौथ्या हिश्शाच्या वर गेले. इयत्ता जसजशी वर चढे, तसतशी चष्म्यांची संख्या आणि नंबर दोन्ही वाढत.

५/ कोनच्या आकड्यांनी जर्मन भाषक जगात खळबळ उडवली. बाकांची उंची, वर्गातील उजेड, पुस्तकांतील टाइपाचा आकार, गृहपाठाचे ओझे या सर्वांवर चर्चा झडली. शालेय आरोग्याच्या चळवळीला त्यातून बळ मिळाले. परंतु एक प्रश्न अनुत्तरित राहिला. शिकल्यामुळे डोळे बिघडतात, की ज्यांना जन्मतः जवळचे चांगले दिसते तीच मुले पुस्तकात रमतात आणि पुढे शिकतात? कोनची मोजणी कितीही मोठी असली तरी कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ती सांगू शकत नव्हती. हा प्रश्न पुढील दीडशे वर्षे तसाच उभा राहिला.

६/ दरम्यान इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टनने निसर्ग आणि संगोपन अशी जोडी उभी करून माणसाचा प्रत्येक गुण त्या तराजूत तोलायचा घाट घातला होता. त्याचा अनुयायी कार्ल पिअर्सन याने ॲमी बॅरिंग्टन हिच्यासह १९०९ साली दृष्टीच्या वारशावर पुस्तिका काढली. आईवडील आणि मुले, भाऊ आणि बहिणी यांच्या डोळ्यांतील साम्य सहसंबंधाच्या गणिताने मोजून त्यांनी निष्कर्ष काढला : दृष्टीवर आनुवंशिकतेचा पगडा जबरदस्त आहे, परिस्थितीचा प्रभाव त्यापुढे नगण्य. शाळेची जणू निर्दोष सुटका झाली.

७/ या पद्धतीत एक उघड खोट होती. आईबाप मुलांना जनुके देतात तसे घरही देतात. ज्या घरात वडील रात्री दिव्याखाली वाचत बसतात, तेथे मुलगाही वाचतो. साम्य कुठून आले हे केवळ साम्य मोजून कळत नाही. आणि ही संस्था निर्हेतुक नव्हती. पिअर्सनची प्रयोगशाळा सुप्रजननाच्या, म्हणजे ‘चांगल्या वंशाची’ पैदास वाढवण्याच्या विचाराला वाहिलेली होती. १९२५ साली पिअर्सनने मार्गारेट मूल हिच्यासह लंडनमधील ज्यू स्थलांतरितांच्या मुलांची मोजमापे वापरून स्थलांतराविरुद्ध युक्तिवाद केला. ‘रक्तातच आहे’ या वाक्याचे राजकीय वजन तेव्हा असे होते.

८/ झुरिकचा नेत्रवैद्य आडोल्फ श्टायगर याने १९१३ साली वेगळ्या वाटेने तोच पक्ष बळकट केला. शाळकरी मुलांच्या पारपटलाची वक्रता मोठ्या संख्येने मोजून त्याने दाखवले की निरोगी डोळ्यांतही ती पुष्कळ कमीजास्त असते. माणसांची उंची जशी वेगवेगळी, तसेच डोळ्याचे भागही वेगवेगळे. त्यांचा मेळ बसला नाही की चष्मा लागतो. म्हणून निकटदृष्टिता हा आजार नसून नैसर्गिक विविधतेचे एक टोक आहे, असे त्याने मांडले. ही दृष्टी मोलाची होती. मात्र विविधता निर्माण होण्याचे कारण त्यातूनही सिद्ध होत नव्हते.

९/ घर आणि जनुके यांची गाठ सोडवायची कशी? उत्तर जुळ्यांमध्ये होते. एकयुग्मजी जुळी एकाच फलित बीजातून जन्मतात, त्यांचा जनुकीय वारसा जवळजवळ एकच असतो. द्वियुग्मजी जुळी दोन बीजांतून जन्मतात आणि जनुकांच्या दृष्टीने साध्या भावंडांइतकीच जवळची असतात. घर, वय आणि शाळा मात्र दोन्ही प्रकारच्या जोड्यांना सारखीच लाभते. तेव्हा पहिल्या प्रकारच्या जोड्यांतील फरक दुसऱ्या प्रकारच्या जोड्यांतील फरकापेक्षा बराच कमी निघाला, तर ते श्रेय जनुकांचे. गाल्टनने १८७५ सालीच जुळ्यांवर लिहिले होते, पण अशी पद्धतशीर तुलना त्यात नव्हती.

१०/ ती तुलना वाल्टर याब्लोन्स्की याने केली. जुळ्यांच्या ५२ जोड्यांचे डोळे तपासून त्याने १९२२ साली एका जर्मन नेत्रवैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. एकसारख्या जुळ्यांच्या नंबरांतील तफावत आणि वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या नंबरांतील तफावत त्याने शेजारी शेजारी ठेवली आणि वारशाचा वाटा अनुमानिला. या पद्धतीचे जनकत्व पुढे त्वचारोगतज्ज्ञ हेर्मान वेर्नर सीमेन्सच्या नावावर नोंदले गेले. त्याचा जुळ्यांच्या शरीरावरील तिळांचा अभ्यास १९२४ सालचा. २००५ साली लंडनच्या जुळ्यांवरील संशोधकांनी याब्लोन्स्कीचा लेख पुन्हा उजेडात आणला. अर्थात जगभर हजारो अभ्यासांत वापरल्या गेलेल्या या पद्धतीचा पहिला विषय चष्म्याचा नंबर हाच होता.

११/ पुढची पाने काळी आहेत. जुलै १९३३मध्ये नाझी राजवटीने आनुवंशिक रोगांच्या नावाखाली सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. त्या यादीत आनुवंशिक अंधत्व होते. जुळ्यांचा अभ्यास ओटमार फॉन फेर्शुअरच्या हाती गेला; त्याचा शिष्य योझेफ मेंगेले औशवित्झमध्ये जुळी मुले निवडून बाजूला काढू लागला. फेर्शुअरच्या बर्लिनमधील संस्थेत कारिन माग्नुसेन डोळ्यांच्या रंगाच्या वारशावर काम करत होती. तिच्यासाठी औशवित्झमध्ये मारल्या गेलेल्या सिंती कुटुंबीयांचे डोळे पाठवण्यात आले. दोन डोळ्यांचे रंग वेगळे असणे, एवढाच त्या लोकांचा ‘शास्त्रीय’ विशेष होता.

१२/ युद्धानंतर ही पद्धत निर्मळ हातांनी पुन्हा उचलणाऱ्यांत आर्नोल्ड सॉर्सबी प्रमुख. बियालिस्टोकमधील ज्यू कुटुंबात जन्मलेला हा मुलगा इंग्लंडमध्ये येऊन नामवंत नेत्रतज्ज्ञ झाला. १९६२ साली त्याने सहकाऱ्यांसह एकयुग्मजी जुळ्यांच्या ७८ जोड्या, द्वियुग्मजी ४० जोड्या आणि तुलनेसाठी नाते नसलेल्या ४८ जोड्या तपासल्या. केवळ नंबर न पाहता पारपटलाची वक्रता, भिंगाची शक्ती आणि डोळ्याची लांबी असे घटक त्याने वेगवेगळे मोजले. एकयुग्मजी जोड्यांतील साम्य सर्वत्र ठळक होते. आनुवंशिकतेचा पक्ष आता अभेद्य वाटू लागला.

१३/ तेवढ्यात आर्क्टिकमधून वेगळीच वार्ता आली. अलास्काच्या उत्तर टोकावरील बॅरो या वस्तीत फ्रान्सिस यंग आणि सहकाऱ्यांनी एस्किमो कुटुंबांच्या तीन पिढ्यांचे डोळे तपासले. १९६९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिकार करत, शाळेविना वाढलेल्या वडीलधाऱ्या पिढीत निकटदृष्टी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. शाळेत गेलेल्या त्यांच्या मुला-नातवंडांत मात्र निम्म्याहून अधिक जणांना हा दोष होता. भावंडांचे डोळे एकमेकांसारखे होते, आईबापांसारखे नव्हते. एका पिढीत लोकांची जनुके बदलत नाहीत. जीवनक्रम बदलतो.

१४/ मग जुळी खोटे बोलत होती काय? तसे नव्हते. जुळ्यांच्या अभ्यासातून निघणारा वारशाचा आकडा एका ठरावीक समाजातील, ठरावीक काळातील फरकांपुरता असतो. ज्या वर्गातील सारी मुले सारखाच वेळ वाचतात, तेथे वाचनाचा परिणाम सर्वांवर होतो आणि म्हणूनच हिशेबात दिसत नाही. उरतो तो जन्मजात फरक. एकयुग्मजी जुळी एकाच शाळेत, एकाच घरात वाढतात. शाळेने दोघांचेही डोळे बिघडवले तर तो बिघाडही साम्यातच जमा होतो. आकडा ऐंशी टक्के असला तरी ‘ऐंशी टक्के दोष अटळ’ असा त्याचा अर्थ होत नाही. पिअर्सनपासून अनेकांची गल्लत नेमकी येथे झाली.

१५/ प्राण्यांवरील प्रयोगांनी हा मुद्दा अधिक घट्ट केला. १९७७ साली टॉर्स्टेन वीझल आणि एलिओ राव्हिओला यांनी दाखवले की नवजात माकडाच्या पापण्या शिवून टाकल्या की बंद डोळा लांब वाढतो आणि निकटदृष्टी होतो. पुढच्याच वर्षी जॉश वॉलमन आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या पिलांचे दृष्टिक्षेत्र मर्यादित करून तीव्र निकटदृष्टिता निर्माण केली. वाढणारा डोळा समोरच्या दृश्यानुसार आपली लांबी ठरवत असतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

१६/ तरीही दोन्ही बाजूंचे पुरावे वाढतच गेले. २००१ साली लंडनच्या क्रिस्टोफर हॅमंड आणि सहकाऱ्यांनी जुळ्या स्त्रियांच्या ५०६ जोड्या तपासून वारशाचा वाटा ८४ ते ८६ टक्के काढला. २००८ साली सिडनी आणि सिंगापूर येथील चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना झाली. सिडनीत निकटदृष्टितेचे प्रमाण ३.३ टक्के, सिंगापुरात २९.१ टक्के. सिडनीची मुले आठवड्याला पावणेचौदा तास घराबाहेर असत, सिंगापूरची जेमतेम तीन तास. वंश एक, डोळे वेगळे.

१७/ जनुके प्रत्यक्ष शोधण्याची वेळ आली तेव्हा सुरुवात तीव्र निकटदृष्टितेच्या घराण्यांपासून झाली. पिढ्यान्‌पिढ्या दोष उतरलेल्या कुटुंबात गुणसूत्राचा कोणता तुकडा दोषाबरोबर प्रवास करतो, हे पाहायचे. डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटावरील एका घराण्याचा नेत्रदोष १९९० साली ‘एक्स’ गुणसूत्राच्या टोकाशी जोडला गेला. अशी काही ठिकाणे सापडली. परंतु ती विरळ घराण्यांची गोष्ट होती. वर्गातील निम्म्या मुलांच्या साध्या चष्म्याचा उलगडा तिने होत नव्हता.

१८/ मग पद्धत बदलली. हजारो लोकांचा संपूर्ण जनुकसंच लाखो ठिकाणी तपासायचा आणि चष्म्याच्या नंबराशी कोणत्या ठिकाणचा अक्षरबदल जुळतो ते पाहायचे. २०१० साली पंधराव्या गुणसूत्रावर दोन ठिकाणे सापडली. २०१३ साली अनेक देशांच्या संशोधकांनी एकत्र येऊन ४५,७५८ लोकांच्या माहितीतून २४ नवी ठिकाणे काढली. २०१८ साली १,६०,४२० लोकांच्या अभ्यासानंतर ज्ञात ठिकाणांची संख्या १६१ झाली. २०२० साली ५,४२,९३४ लोकांच्या विश्लेषणातून आणखी ३३६ नवी ठिकाणे हाती आली. ‘चष्म्याचे जनुक’ असे काही नव्हतेच. शेकडो ठिकाणे होती आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर.

१९/ या यादीने एक अनपेक्षित गोष्ट सांगितली. सापडलेली कितीतरी जनुके दृष्टिपटलाच्या पेशींत काम करणारी, प्रकाशाचा संदेश ग्रहण करून पुढे पोचवणारी निघाली. २०१८च्या अभ्यासाने मांडले की प्रकाशाने चाळवलेला संदेश दृष्टिपटलापासून डोळ्याच्या बाह्य आवरणापर्यंत जातो आणि त्याची वाढ ठरवतो. म्हणजे वारशाने मिळते ती परिस्थितीला प्रतिसाद देण्याची यंत्रणा. कोणाची अधिक हळवी, कोणाची कमी. जनुके आणि प्रकाश हे प्रतिस्पर्धी पक्षकार नव्हते. एक दुसऱ्याच्या मार्फत काम करत होता.

२०/ कोनचा जुना प्रश्न मात्र अजून शिल्लक होता : शिक्षण आधी की निकटदृष्टिता आधी? खरा प्रयोग करायचा तर काही मुलांना चिठ्ठ्या टाकून शाळेत पाठवावे लागेल आणि काहींना शाळेपासून दूर ठेवावे लागेल. असा प्रयोग कोणताही सुसंस्कृत समाज करू देणार नाही. पण चिठ्ठ्या निसर्गानेच टाकलेल्या असतात. आईच्या दोन प्रतींपैकी कोणती आणि वडिलांच्या दोनांपैकी कोणती मुलाला मिळणार, हे बीज फळते त्या क्षणी योगायोगाने ठरते. या सोडतीचा उपयोग करणाऱ्या पद्धतीला मेंडेलचे नाव दिले आहे.

२१/ तर्क असा. काही जनुकीय बदल असणाऱ्या व्यक्ती सरासरीने थोडे अधिक शिकतात. हे बदल जन्मापूर्वीच ठरलेले. पुढे चष्मा लागला म्हणून ते बदलत नाहीत. अशा बदलांचा वारसा लाभलेल्यांना चष्माही अधिक लागत असेल, तर शिक्षण हे कारण आहे असे म्हणता येते. उलट तपासणीही शक्य आहे. निकटदृष्टितेचे जनुकीय बदल असणारे लोक अधिक शिकतात का, ते पाहायचे. तसे नसेल, तर ‘चष्मेवाले मूल मुळातच अभ्यासू’ हा बचाव कोसळतो.

२२/ २०१८ साली ब्रिटिश संशोधकांनी यूके बायोबँक या संग्रहातील ६७,७९८ लोकांवर हा तर्क चालवला. शिक्षणाशी निगडित ६९ आणि निकटदृष्टितेशी निगडित ४४ जनुकीय बदल त्यांनी वापरले. शिक्षणाच्या प्रत्येक अधिक वर्षामागे नंबर ०.२७ डायॉप्टरने निकटदृष्टितेकडे सरकतो, असे उत्तर आले. बारा वर्षे शिकलेला आणि सतरा वर्षे शिकलेला यांच्यात किमान एका डायॉप्टरचा फरक. चष्म्याविना वाहन चालवण्यास कायद्याने अपात्र ठरण्याइतका तो आहे. उलट दिशेने, निकटदृष्टितेमुळे शिक्षण वाढते याला जवळजवळ काहीच आधार मिळाला नाही.

२३/ या निकालालाही मर्यादा आहेत. शिक्षणाची जनुके मुलाला देणारे आईबाप त्याला पुस्तकांचे घरही देतात. तेवढ्यापुरती सोडत शुद्ध राहत नाही. त्या संग्रहातील लोक चाळिशी ते सत्तरीदरम्यानचे, प्रामुख्याने युरोपीय वंशाचे. शिवाय ‘शिक्षणाचे वर्ष’ म्हणजे नेमके काय? जवळून वाचन, उन्हात न जाणे, की दोन्ही? जनुके तेवढे सांगत नाहीत. पण दिशा कोणती, हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले.

२४/ बाकीचे उत्तर शाळांच्या अंगणात मिळाले. चीनमधील ग्वांगझोऊ येथे काही शाळांत रोज ४० मिनिटांचा मैदानी तास वाढवण्यात आला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत तेथील ३०.४ टक्के मुलांना नव्याने निकटदृष्टिता आली, इतर शाळांत ३९.५ टक्क्यांना. तैवानने २०१० पासून मुलांना रोज १२० मिनिटे बाहेर काढण्याची मोहीम हाती घेतली. वर्षानुवर्षे चढत गेलेली क्षीण दृष्टीची टक्केवारी २०१२ नंतर प्रथमच उतरू लागली. पूर्व आशियातील शहरांत शाळा संपवणाऱ्या तरुणांपैकी ८० ते ९० टक्के निकटदृष्टी असताना हे थोडे नव्हे. तीव्र निकटदृष्टितेत दृष्टिपटल झिजून वा सुटून कायमचे अंधत्व येऊ शकते.

२५/ वारशाचे मोजमाप करणारी ही साधने ज्यांनी प्रथम हाती घेतली, त्यांतील अनेकांना शाळेला निर्दोष ठरवायचे होते आणि वंशाला जबाबदार. शंभर वर्षांनी त्याच परंपरेतील सर्वांत धारदार साधनाने शाळेविरुद्ध सर्वांत भक्कम साक्ष दिली. ‘वारशाने येणारे’ आणि ‘न टळणारे’ या दोन शब्दांत अंतर आहे. ते अंतर विसरले गेले तेव्हा माणसांवर कायदे लादले गेले. ध्यानात आले तेव्हा मुलांसाठी मैदानाचा तास वाढवला गेला.

(समाप्त)